फाट्यावरचं विमान

धुळ्यातला हा तिकीट एजंट युद्ध पेटलेल्या वाळवंटी देशात मजूर पाठवतो. 'मजूर पाठवू नका' म्हणणारी आमच्या कामगार संघटनेची पत्रकं तो शांतपणे वाचतो आणि वर मलाच चहा पाजतो. तिथल्या विमानतळावर बॉम्ब पडले म्हणून मी कितीही ओरडलो, तरी याचं आपलं एकच: "भाऊ, स्टँड बंद शे तर यष्टी फाट्यावर थांबते ना? विमानाचंबी तसंच!"

मागे शिरपूरचा एक मजूर तिथं अडकला. हा जेवणखाण सोडून फोनला चिकटला आणि वाळूतल्या कच्च्या धावपट्टीवरून त्याला बाहेर काढलंच. मलाही बरं वाटलं. तो मजूर आभार मानायला दुकानात आला, तर यानं बसूही न देता विचारलं, "पट्टी चांगली शे ना? मग पुढल्या दोघांना तिथंच उतरवू."