मुकुटाची साखर

खासनीस, दिगंबर विष्णू. वय एक्कावन्न. मूळ गाव सांगली, हल्ली मुक्काम मिशिगन. हुद्दा : मुख्य रसायनतज्ज्ञ, बीटसाखर कारखाना. विशेष प्रावीण्य : बीटाच्या व उसाच्या साखरेत काडीचाही फरक नसल्याचे कोणासही, कोठेही, न विचारता पटवून देणे. सदर इसमाच्या या मताविरुद्ध आजवर लेखी तक्रार नाही.

तोंडी तक्रारी मात्र पुष्कळ होत्या. जवळच्या ॲन आर्बर गावातल्या मराठी मंडळात कुणी चहाला नुसतं "गोड झालाय" म्हटलं, तरी खासनीस खुर्ची ओढून जवळ येत. उसाच्या मुलखातून आलेला माणूस बीटाची वकिली करतो म्हटल्यावर लोक त्यांना 'घरभेदी' म्हणत. ते हसत आणि पुन्हा साखरेच्या रेणूपासून सुरुवात करत.

त्यांना एकच कोडं सुटलं नव्हतं. कारखान्याच्या दारातच एक जुना फोटो टांगलेला होता. १९०४ सालचं सेंट लुइसचं जागतिक प्रदर्शन, त्यात कारखान्याने मांडलेला साखरेचा मनोरा आणि शेजारी मिशीवाला रसायनतज्ज्ञ. त्या काळी प्रदर्शनांत साखरवाले असेच किल्ले नि पुतळे उभे करत. पण सेंट लुइसचा उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा. मनोरा वितळला कसा नाही? खासनीसांनी दिसेल त्याला विचारलं. कुणी म्हणे आत डिंक होता, कुणी म्हणे चुना. एक म्हातारा फोरमन म्हणाला, "रोज रात्री नवा बांधत." मिशीवाल्याच्या चेहऱ्यावर जरा अवघडलेपण होतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीला कांचनकाकूंनी, म्हणजे खासनीसांच्या पत्नीने, मंडळातल्या एका बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने केले. मिशिगनच्या थंडीत हलव्याला असा काटा आला होता की सांगलीने मान खाली घालावी. त्यातला मुकुट खासनीसांनी ऑफिसात नेऊन दाखवला. मॅनेजर हॅरिसने तो दिव्याखाली धरला.

"ही साखर आहे?"

"शंभर टक्के."

"आपली?"

"आमच्या घरी दुसरी येणार कुठून?" खासनीस म्हणाले. कारखान्याची फुकटची पोती दर महिन्याला त्यांच्याच गाडीतून घरी जात.

त्या उन्हाळ्यात लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला जागतिक प्रदर्शन होतं. उसाच्या राजधानीत जाऊन बीटाचा झेंडा रोवायचा, असं हॅरिसने ठरवलं. मुकुट काचेच्या पेटीत गेला, दमट हवेतली ओल शोषायला तळाशी सिलिका जेलचे पुडे आले, आणि पेटीच्या एका बाजूला खासनीस, दुसऱ्या बाजूला पैठणीत काकू.

लोक काचेला नाकं लावून बघत होते. शेजारच्या स्टॉलवरून उसाचा एक म्हातारा बागायतदार आला. वाकून, चष्मा पुसून त्याने काटा न् काटा न्याहाळला. "बीट म्हणजे गुरांचा खुराक," तो म्हणाला. "बीटाला हे जमणं शक्य नाही."

खासनीसांनी खाकरून रेणूपासून सुरुवात केली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो पुरावा काचेत होता. तेवढ्यात काकूंनी बाही ओढली.

"अहो, जरा इकडे या. फार जोरात बोलू नका."

"का?"

"हलवा कधी बीटाचा करतात का?"

खासनीस पेटीमागे सरकले.

"पहिल्या वर्षी केला होता तुमच्या पोत्यातल्या साखरेचा. काटाच येईना. तेव्हापासून हलव्याला उसाची पिशवी आणते. ती पिवळी, लुइझियाना लिहिलेली."

"अगं, घरात हीटर असेल चालू! थंडी लागते काट्याला!"

"असेल. पण सणाच्या दिवशी मी कशाला प्रयोग करू?"

"आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?"

"आता त्यात सांगायचं काय?" काकू म्हणाल्या. "काडीचा फरक नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

फरक पडतो म्हणावं तर आयुष्यभराचं मत गेलं. नाही म्हणावं तर तक्रार कसली? बागायतदार अजून उभाच होता.

"खरं सांगा," तो म्हणाला, "ही तुमचीच साखर?"

खासनीसांनी काचेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "रसायनशास्त्राच्या दृष्टीने," ते म्हणाले, "होय."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "मग हरलो बुवा," म्हणाला, आणि फोटोग्राफरला बोलावून आणलं. खासनीस पेटीशेजारी उभे राहिले. चेहरा कसा ठेवावा, ते त्यांना कळेना.

परत आल्यावर त्यांनी मिशीवाल्याच्या फोटोपुढे एकदा बराच वेळ घालवला. मनोऱ्याबद्दल मात्र पुन्हा कुणाला काही विचारलं नाही.

नवा फोटो आता जुन्याच्या शेजारी आहे. खाली काचेत मुकुट, आणि पितळी पाटी : 'केवळ मिशिगनच्या बीटसाखरेपासून निर्मित. न्यू ऑर्लिन्स जागतिक प्रदर्शन, १९८४. मुख्य रसायनतज्ज्ञ : दि. वि. खासनीस.'

साखर लुइझियानाची आहे.