पंख्याचं बटण

इमारतीत सगळे त्याला कॅप्टन म्हणत. हे नाव आपण ठेवलं असं पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू सांगतात आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. वास्तविक हा माणूस जन्मात एकदाच जमिनीवरून उठला होता, तोही प्रवासी म्हणून. विमान ढगात शिरायच्या आत त्याने समोरच्या खिशातली कागदी पिशवी भरून टाकली होती. ही बातमी खुद्द त्याच्या बायकोने जिन्यात फोडली. "नवऱ्याच्या पोटात काही राहिलं नाही आणि बायकोच्याही राहत नाही," हा काकूंचा त्यावरचा शेरा.

तरी काम विमानाचंच. वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेत तो सिम्युलेटर सांभाळायचा. एका उंच शेडमध्ये तेलाच्या दाबाने हलणाऱ्या सहा पायांवर उभा केलेला पांढरा डबा, आत शिकाऊ जेट विमानाच्या दोन खुर्च्या, दांडा, डझनावारी काटे आणि समोर पडद्यावर धावपट्टी. पोरं महिनाभर या डब्यात घाम गाळायची, मग खऱ्या विमानाला हात लावायची. चाकं टेकली की डबा खालून दणका द्यायचा. नीट उतरलात तर खुर्चीला हलकासा ठोसा, चुकलात तर दातावर दात. त्या दणक्यावरूनच पोरं शिकायची, कारण प्रशिक्षक तोंडाने जे सांगतो ते कानात राहतं आणि बसलेला दणका माकडहाडात.

रोज सकाळी तेल बघायचं, पाय हलवून घ्यायचे आणि मग स्वतः आत बसून एकदा विमान उतरवायचं, हा कॅप्टनचा तेवीस वर्षांचा नेम. त्याच्या हाताखाली यंत्र मांजरीसारखं टेकायचं. संध्याकाळी पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या मागे घेताना तो हातवारे करून सांगायचा, "नाक जरा वर. घाई नको. जमीन आपणहून येते." लोक गाडी खांबाला घासून घ्यायचे आणि त्याला हो म्हणायचे.

आता त्या बटणाचं. शाळेत पाहुणे फार यायचे. कुणी अधिकारी, कुणी देणगीदार, कुणी कुणाचे सासरे. प्रत्येकाला डब्यात बसून विमान उतरवायचं असायचं आणि प्रत्येक जण ते आपटायचा. एक सासरे तर चष्मा हातात घेऊनच बाहेर आले, दोन तुकड्यांत. तेव्हा मुख्य प्रशिक्षकांनी कॅप्टनला बाजूला घेतलं. "पाहुण्यांपुरतं काहीतरी करा. कागदावर नको." कॅप्टनने आठवडाभर डोकं लावून डब्याबाहेरच्या आपल्या टेबलावर एक बटण बसवलं. ते दाबलं की शेवटच्या पंधरा फुटांत यंत्र आपणच नाक उचलायचं, वेग आवरायचं आणि दणका गिळून टाकायचं. दगड बसवला असता तरी अलगद उतरला असता. कुणी विचारू नये म्हणून त्याने बटणावर चिकटपट्टी लावली आणि तीवर लिहिलं, 'पंखा'. हे गुपित दोघांचंच, साहेबांचं आणि त्याचं.

आणि मग त्याच शाळेत त्याची लेक आली. एकुलती एक. प्रवेश तिने स्वतःच्या गुणांवर मिळवला होता, वशिल्याचा संबंध नाही. तो असता तर काकूंनी शोधून काढलाच असता. बातमी आली त्या दिवशी कॅप्टन जिने उतरून चढला आणि चढून उतरला, भेटेल त्याला सांगत.

पोरगी हुशार, पण उतरताना नाक उचलणारा दांडा उशिरा ओढायची. अर्ध्या सेकंदाचा खेळ, तेवढाच. पहिल्या आठवड्यात तिने डबा असा काही आपटला की तिच्या प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, विमान उतरवताय की गोणी?" घरी येऊन ती जेवली नाही.

"मी सोडते, बाबा. माझं काम नाही हे."

"अगं, सगळेच आपटतात."

"तुम्ही नाही आपटत."



दुसऱ्या दिवशी ती आत शिरत असताना कॅप्टनने पट्टीवर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. एका दिवसापुरतं, तिला जरा धीर यावा म्हणून. यंत्र रेशमासारखं टेकलं. डब्याचं दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की पुढल्या दिवशी तिच्या पाळीला बटण दाबल्यावाचून त्याला राहवलं नाही. त्याच्या पुढल्या दिवशीही नाही. रोज सकाळी तो मनाशी म्हणायचा, आज बंद. रोज ती हसत यायची.

वहीत नोंदी चढत गेल्या. पहिल्या आठवड्यानंतर एकेचाळीस वेळा उतरली, एकेचाळीस वेळा उत्तम. गोणी म्हणणारा प्रशिक्षक म्हणाला, "बापाचा हात आलाय." कॅप्टनने ते वाक्य घरी आणलं, बायकोला दिलं, बायकोने जिन्याला दिलं. महिनाभर इमारतीत दुसरा विषय नव्हता.

मग खरं विमान. त्यात पंखा नव्हता.

पहिल्या दिवशी तिने ते आपटलं. दुसऱ्या दिवशी आपटून उडवलं. तिसऱ्या दिवशी विमान उसळलं, पुन्हा आदळलं, टायर फुटला आणि ते धावपट्टीच्या कडेला गवतात जाऊन थांबलं. कुणाला लागलं नाही. पण मागच्या सीटवरचा प्रशिक्षक उतरून सरळ मुख्य प्रशिक्षकांकडे गेला.

समिती बसली. समोर दोन कागद. एकावर एकेचाळीस उत्तम, दुसऱ्यावर तीन वाईट. हात शिकलेला नसेल तर पुन्हा शिकवता येतो, त्याला शाळेत महिनाभर वाढवून द्यायची रीत होती. पण ज्याला यंत्रात जमतं आणि हवेत जमत नाही, तो घाबरट. त्याला घरी पाठवायचं, हीही रीतच. सगळं त्या पहिल्या कागदावर अडलं होतं, म्हणून त्यांनी वही घेऊन कॅप्टनला आत बोलावलं.

"यंत्रात काही दोष होता का?"

मुख्य प्रशिक्षक टेबलाच्या टोकाला बसून पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते. लेक भिंतीजवळ उभी होती. कॅप्टनच्या तोंडात शब्द आला होता. पण तो बाहेर काढायचा म्हणजे सगळ्यांदेखत तिला सांगायचं, की तुझ्या एकेचाळिसांपैकी एकही तुझा नव्हता. शिवाय साहेब. शिवाय तेवीस वर्षं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "यंत्र ठणठणीत आहे."

आणि ते होतंच ठणठणीत.

निकाल दुपारी लागला. स्वभावतः अपात्र. हे दोन शब्द वाचल्यावर मात्र कॅप्टन धावत साहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं बोलून मोकळा झाला. बटण, पट्टी, पहिला दिवस, पुढचे सगळे दिवस. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"मघाशी त्या खोलीत बोलला असतात तर मला ऐकावं लागलं असतं," ते म्हणाले. "आता सह्या झाल्या. पुन्हा उघडायचं तर आधी हे लिहावं लागेल, की बटण कुणी बसवायला सांगितलं."

"मी लिहून देतो साहेब. माझ्यावर घ्या."

"तुमच्यावर घेऊन भागत असतं तर मी कालच घेतलं असतं. जा तुम्ही."

म्हणजे साहेबांना कालपासून ठाऊक होतं. जाताना कॅप्टनने दार हळू लावलं. सवय.

चार वाजता लेक गणवेश आणि पास परत करायला आली. सगळं जमा करून ती शेडमध्ये आली आणि सरळ डब्यात जाऊन बसली. कॅप्टन बाहेर आपल्या टेबलाशी होता. सवयीने त्याने बटण दाबलं. आतून तिचा आवाज स्पीकरवर आला.

"पंखा बंद करा, बाबा."

त्याने स्पीकरचा आवाज कमी केला.

"महिनाभर या खुर्चीत घामाने भिजले मी. दार लावताना दिसायचं, तुम्ही बटण दाबायचात, पट्टीवर पंखा, आणि वारा म्हणून नाही. मला वाटायचं, पंखा बिघडलाय. तुम्ही बिघडलेलं काही ठेवत नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं."

त्याने बटण बंद केलं.

पहिल्यांदा ती आपटली. डब्याचे सहाही पाय करकरले. तिने पुन्हा धावपट्टी मागितली. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्यांदा उसळली. चौथ्यांदा दांडा लवकर ओढला आणि वरच्या वर तरंगून आपटली. प्रत्येक वेळी मध्ये फक्त "पुन्हा." पाचव्याला दणका कमी झाला. सहाव्याला अजून कमी. सातव्या वेळी चाकं टेकली तेव्हा खुर्चीला एकच ठोसा बसला, आखडता, नेमका, जागच्या जागी. रेशीमबिशीम काही नाही. खरं विमान नीट उतरतं तेव्हा असंच उतरतं, हे तेवीस वर्षांत कॅप्टनइतकं कुणाला ठाऊक होतं?

दार उघडून ती बाहेर आली. कपाळाला केस चिकटले होते.

"सात," ती म्हणाली. "सातच लागल्या, बाबा."

"अगं, तू रडत होतीस म्हणून..."

"रडू द्यायचं होतं. तुम्ही मला त्या पाहुण्या सासऱ्यांच्या रांगेत बसवलंत."

जाताना तिने बटणावरची पट्टी नखाने सोलली, घडी घातली आणि खिशात टाकली.

ती आता दुसऱ्या शहरात असते. विमानतळावर, काउंटरमागे, लोकांच्या बॅगा तोलते. आईला फोन करते. बाबांना दे असं अजून म्हणालेली नाही. आई फोन बाल्कनीत घेते, म्हणून निम्मं काकूंना ऐकू जातं. काकूंनी या विषयावर एकही शेरा मारलेला नाही, यावरून काय ते समजा. कॅप्टन हे नावही कुणी मोठ्याने घेत नाही. पार्किंगमध्ये तो दिसला, की लोक गाडी आपली आपण मागे घेतात.

गेल्या महिन्यात शाळेत पाहुणे आले. साहेबांनी दुरूनच भुवई उचलली. कॅप्टनने बटण दाबलं. पाहुणे अलगद उतरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. पाहुणे रंगात आले होते.

"काय हो, इतकी वर्षं हे करताय. घरात कुणी पायलट झालं की नाही?"

"नाही," कॅप्टन म्हणाला.

ते गेल्यावर त्याने कपाटातून चिकटपट्टी काढली, कात्रीने नीट कापली, बटणावर नवीन लावली. आधीची घाईत लिहिली होती. या वेळी अक्षर चांगलं काढलं.