मोजे काढा, जावईबापू

माझ्या बायकोच्या मामांनी जिची खालची पापणी ओढून पाहिली नाही, अशी व्यक्ती अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायची नाही. वाटूरला त्यांची रक्त तपासायची छोटी लॅब होती, पण खरी तपासणी लॅबबाहेरच चाले. माणूस भेटला की पापणी आधी, रामराम नंतर. एका लग्नात तर अक्षता टाकता टाकता त्यांनी नवरदेवाचीच पापणी ओढली आणि "फिक्की हाय!" असं जाहीर केलं. अंतरपाटापलीकडून नवरीही वाकून पाहू लागली.

माझी पापणी वर्षभर फिकी होती. मी एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. "साहेब, दिवसभर लोखंडात बसता अन् अंगात लोखंड न्हाई?" असं हमाल विचारत. लोहाच्या गोळ्या, बीट, गूळ-शेंगदाणे, सगळं झालं. हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मामा चक्रावत. "कुठं दुखतं-खुपतं का?" "बिलकुल नाही," मी छाती काढून सांगे. खरं तर तापल्या लोखंडाची कपची घोट्यात घुसून झालेली जखम वर्षभर वाहत होती. डॉक्टर पाय कापतील या भीतीनं ती मी बायकोपासूनही लपवून मोज्यात कोंडली होती आणि वरून अत्तर लावत होतो. असे आम्ही शूर.

धोंड्याच्या महिन्यात मामांनी जेवायला बोलावलं. जावयाचे पाय धुवायचे, आणि मामी हयात नव्हत्या, म्हणून तांब्या-परात घेऊन मामा स्वतःच समोर बसले.

"मोजे काढा, जावईबापू."

"मामा, असला मानपान मला पटत नाही," मी ऐनवेळी पुरोगामी झालो.

मामांनी मोजा ओढला. वास सुटला. मामांनी वाकून जखम पाहिली. मग म्हणाले, "भट्टीला आग लागून भोंगा वाजला तर तुमचे कामगार सळया बनवतेत का?"

"नाही. बादल्या घेऊन पळतात."

"मंग! जखमेपाशी लढणाऱ्या पेशी प्रथिनांच्या हाती निरोप धाडतेत. निरोप हाडातल्या मज्जेत पोचला की लाल पेशींचं काम मंद. लोखंड गुदामात बराबर हाय, पर कुलूप लागलंय. सालभर तुमच्या अंगात भोंगा वाजून राह्यला, अन् तुम्ही गूळ खाऊन राह्यले!"

"पाय कापावा लागेल का हो?" मी पाय मागे ओढत विचारलं.

"आता तरी न्हाई वाटत. पर उद्याच्या उद्या दाखवायचं." मग जखमेच्या कडेकडेनं, अगदी हळू, ते पाय धुऊ लागले. मान खालीच होती. "तुमच्या मामींची पाठ दुखायची. मला सांगितलंच न्हाई. मणक्यात क्षय होता, अन् मी सालभर नुसत्या लोखंडाच्या गोळ्या देत राह्यलो."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. कपची निघाली, जखम भरली, पाय राहिला. काही महिन्यांत रक्तही वाढलं.

आता मामा नाहीत. माझी पापणी कुणी ओढत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. धोंड्याच्या महिन्यात त्यांचा मुलगा परात घेऊन येतो, तेव्हा मी मोजे काढून आधीच बसलेला असतो.