दुसरा ग्लास मी मागून घेतला

गावात अजून सांगतात, की अण्णांच्या, म्हणजे माझ्या, लेकीनं फ्रान्सहून दारू आणली आणि बापाच्या घरात बसून प्याली. आणली तिनंच. पण निम्म्याहून जास्त बाटली मी प्यालो, आणि ती मला आवडली. दारूबंदी समितीचा मी अध्यक्ष. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतदान झालं तेव्हा भाषणं माझी होती आणि गावातलं दुकान बंद झालं, याचा मला आजही अभिमान आहे. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं लपवणं मी आता थांबवलं आहे.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. उसाचा रस तिथं चुना आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ करतात. ते वास माझ्या नाकात कायमचे बसलेले. रस आंबला की साखर गेली. त्यामुळं जरा आंबूस वास आला, की मी पाळीवरच्या लोकांना धारेवर धरायचो.

लेक कामासाठी काही महिने फ्रान्सला होती. येताना शाब्ली नावाच्या गावाकडची पांढरी वाइन घेऊन आली. म्हणायला पांढरी, रंग फिक्कट सोनेरी, त्यात हिरवी झाक. सवयीनं मी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. गाळ नव्हता. मग वास घेतला.

"अगं, हा रस आंबलाय."

"आंबवलाच आहे, अण्णा. द्राक्षातली साखर यीस्टनं खाल्ली. हळू प्या, पाण्यासारखं गटागट नको."

"शिकव, शिकव," आतून हिचा आवाज आला. "म्हातारपणी तेवढंच ऱ्हायलं होतं."

पहिल्या घोटाला जीभ आक्रसली. गोडी शोधत होतो, ती नव्हतीच. दुसऱ्या घोटाला हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि गिळल्यावर मागं भिजलेल्या चुनखडीची चव. तिथल्या जमिनीत जुन्या शिंपल्यांची चुनखडी आहे, असं लेक म्हणाली. आयुष्यभर आम्ही रसात वरून चुना घातला. इथं तो मातीतूनच चढून आला, असं मला वाटलं. रसायनशास्त्र काही म्हणो. आंबटपणा काढला असता तर ती मिळमिळीत झाली असती, हेही कळलं. ज्याला मी जन्मभर नुकसान म्हणत आलो, त्याच्याच जोरावर ती उभी होती. दुसरा ग्लास मी मागून घेतला.

काचेची चांगली बाटली आमच्याकडं कुणी टाकत नाही. हिनं ती राखेनं घासली आणि करडईचं तेल भरून ओट्यावर ठेवली. विरजण मागायला शेजारीण आली. तीही समितीतली, बाटल्या ओळखायला तिला मीच शिकवलेलं.

"ही कुणाची, अण्णा?"

मी पेपरचं पान उलटलं.

"पोरीची आसंल. तिकडं समदे पितेत म्हनं."

मी "हूं" म्हणालो.

पुढं एका लग्नाच्या पंगतीत एका बाईनं लेकीला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, आज न्हाई आणली व्हय?" लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी पत्रावळीकडं पाहत राहिलो. त्यानंतर ती गावाला आली नाही. फोन आईला करायची.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं.

"कावून उकरून काढायलाव, अण्णा?" सरपंच म्हणाला. "मिटलं होतं की."

"माझ्यापुरतं मिटलं होतं. तिच्या अंगावर हाय अजून."

"मग पुढच्या टायमाला उभी बाटली म्हणा," मागून एक जण बोलला. लोक हसले.

"आडवीच म्हणणार. हातभट्टीनं मोडलेली घरं मी पाह्यलीत. पर त्या दिवशी मी प्यालो, चव घेऊन प्यालो, आन् मिळाली तर पुन्हा पिईन. अध्यक्ष नको असंल तर आत्ताच हात वर करा."

हात कुणीच वर केला नाही. चहा न घेता बरेच जण उठले.

संध्याकाळी लेकीला मीच फोन लावला. बैठकीत जे बोललो, ते तसंच तिला सांगितलं.

"आता तुम्हाला पेताड म्हणतील."

"म्हणायलेतच. दुपारपासून."

"दोन वर्षं लागली, अण्णा."

"लागली."

"रविवारी येते. रिकाम्या हातानं येणार आहे, सांगून ठेवते."

"कशीबी ये. मी स्टँडवर थांबतो. चौकातून दोघं चालत येऊ."