शीळफाट्यापलीकडे चोवीस अंश

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४, सकाळी पावणेसात. जागा शीळफाट्याच्या पुढची एक पड जमीन. मालकाची संमती आणि उड्डाणाची परवानगी, दोन्हींच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या. तोपर्यंतचा खर्च एक्केचाळीस हजार सहाशे रुपये. हजर तिघे: मी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी मुलगी आणि वर्तकनगरचे एक गृहस्थ, जे वीसेक वर्षे रिमोटवर मॉडेल विमाने उडवत आले आहेत; मुलगी त्यांना काका म्हणते.

मॉडेल मुलीने आमच्या कोपरच्या घरी हॉलमध्ये आठ महिने खपून बनवले होते. आकार लढाऊ विमानाचा, शेपट्या दोन, पंखांचा पसारा सव्वा मीटर. लढाऊ विमानाला झटकन वळायचे असते तेव्हा ते नाक वर ओढते. म्हणजे विमान जात असते समोर आणि नाक बघत असते वर. हा कोन फार वाढला की पंखांवरची हवा सुटते आणि ती विस्कटलेली हवा मागे शेपटीवर येते. मग शेपटीवरचा रडर, म्हणजे विमानाचे सुकाणू, कितीही हलवा, विमान ऐकत नाही. गरगरत खाली येते. रडर आणि पंखांवरच्या झडपा एकत्र चालवणारा एक प्रोग्रॅम मुलीने लिहिला होता. त्याच्या जोरावर विमान चोवीस अंशांपर्यंत ताब्यात राहील, असे तिने कॉलेजला लिहून दिले होते. परीक्षा बुधवारी होती आणि दुसरे मॉडेल नव्हते.

कोन मोजायला नाकापुढे एक दांडी आणि तिच्यावर वाऱ्याबरोबर फिरणारे छोटे पाते होते. त्या पात्याचा शून्य, म्हणजे पाते कुठे असताना शून्य अंश धरायचे ते, मी लावला होता. ठाण्यातल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे तपासणी विभागात आहे. आदल्या दिवशी साहेबांना विचारून मॉडेल तिथे नेले, सरफेस प्लेटवर, म्हणजे मापे घ्यायच्या अगदी सपाट लादीवर, उभे केले आणि पाते प्लेटला समांतर धरून शून्य नोंदवला. आमच्याकडे प्रत्येक माप त्या सपाट प्लेटपासूनच सुरू होते.

काम ठरले होते ते असे. उंची गाठायची, कोन धरायचा, रडर डावीकडे मारायचा, मग उजवीकडे, आणि विमानाने किती वेळात ऐकले ते बघायचे. दहा अंशांपासून सुरुवात करून दोन-दोन अंश पुढे. खऱ्या विमानांची चाचणीही अशीच पायरीपायरीने करतात, असे मुलगी म्हणाली. मला ही पद्धत लगेच पटली. ती लॅपटॉपवरचा आकडा मोठ्याने वाचणार, काका उडवणार, मी वहीत लिहिणार.

पहिल्या उड्डाणात दहा, बारा, चौदा झाले. दुसऱ्यात सोळा आणि अठरा. बॅटरी बदलताना काका म्हणाले, "साहेब, हे अठरा नाही वाटत हाताला. जड लागतंय."

"मोजलंय मी," मी म्हणालो.

"मोजलं असेल हो. पण रिमोटची काडी माझ्या हातात आहे ना."

"काका, बाबांचा झिरो चुकत नाही," मुलगी म्हणाली. "घरी पोळ्यासुद्धा मोजून खातात."

"मग तू ठरव, बाळ. पडलं तर बुधवारी काय दाखवशील?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. "करूया," ती म्हणाली.

तिसऱ्या उड्डाणात वीस अंशांवर विमान डुलले, पण ऐकले. डावीकडे आणि उजवीकडेही. बावीसला काकांनी रडर मारला आणि नाक भलतीकडेच गेले. एक पंख खाली पडला आणि विमान गरगरू लागले. काकांनी उलटा रडर दिला, काडी पुढे ढकलली. दोन गिरक्या, तीन गिरक्या, आणि गरगरणे थांबले. पण तोवर उंची उरली नव्हती. विमान गवतात आडवे घसरले. डाव्या पंखाचे टोक मोडले, तिन्ही चाके उखडून निघाली.

मुलगी धावत गेली. रडली नाही. पाते शाबूत आहे का हे बघायला तिने ते बिनचाकांचे धड प्लायवूडवर सपाट ठेवले आणि पाते धडाच्या रेषेत धरले. लॅपटॉपवर शून्य यायला हवे होते. आले उणे चार.

"बाबा, काल झिरो करताना चाकं लावलेली होती?"

"म्हणजे काय. चाकांवरच उभं होतं."

"अहो, पुढच्या चाकाची दांडी उंच ठेवलीय मी. उभं असताना नाक चार अंश वर असतं."

प्लेट सपाट होती. पाते प्लेटला समांतर होते. विमान समांतर नव्हते, आणि ते बघायचे मला सुचले नाही. सव्वीस वर्षांत प्लेटला मी असा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

काका खाली बसून मोडका पंख बघत होते. "म्हणजे तुमचं अठरा हे माझं बावीस," ते म्हणाले. "तरी म्हटलं, म्हातारा झालो की काय मी."

मुलीने माझ्या हातातली वही ओढून घेतली. वीसच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हे चोवीस," ती म्हणाली. "चोवीसला ऐकलंय त्यानं. दोन्हीकडे."

काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर ती सरळ सगळे आकडे बदलायला निघाली होती. मी तसे करू दिले नाही. मूळ आकडे तसेच ठेव, शेजारी चार मिळवलेला रकाना काढ आणि चार का, ते खाली लिही, असे सांगितले. तिने लिहिले: शून्य चाकांवर उभ्या स्थितीत घेतल्यामुळे. सव्वीस अंशांवर ताबा सुटला, हेही लिहिले.

बुधवारी परीक्षकांनी विचारले, शून्य कोणी लावला? "वडिलांनी," ती म्हणाली. मग चूक कशी सापडली, हे त्यांनी तिच्याकडून दहा मिनिटे ऐकून घेतले आणि प्रोजेक्ट मान्य केला.

पंख आणि चाके काकांनी वर्तकनगरला त्यांच्या गॅलरीत बसून नवी केली. मजुरी घेतली नाही. लाकूड, गोंद आणि वरचा कागद मिळून दोन हजार तीनशे पन्नास रुपये झाले. ते मी प्रोजेक्टच्या खर्चात धरले नाहीत. माझ्या खिशातून काकांच्या हातात दिले.