तर्जनीवरचा घट्टा

माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकाला पिवळट घट्टा पडलाय. दोन महिने बास गिटारच्या जाड तारांवर बोटांनी फंक संगीताचा ठेका घोटतेय, त्याचा हा परिणाम. "छान! आता सूर भरीव येईल," गिटारचे सर म्हणाले. मी मात्र धास्तावले. लॅबमध्ये रक्त काढताना मी शीर याच बोटानं चाचपते. आज एका आजींना दोनदा टोचावं लागलं.

"काय गं, लक्ष कुठंय तुझं?" आजी कळवळून म्हणाल्या.

लक्ष होतं, बोटालाच कळत नव्हतं. एक शिकताना दुसरं किती हातचं जातं, हे आधी कोण सांगतं?

पुढच्या आजोबांनी बाही वर सारली. मी तर्जनी नेली, थांबले आणि घट्टा नसलेली अनामिका टेकवली. तिला हे काम अगदीच नवं होतं.