ज्वारी कुठं दळायची?

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सोलापूरच्या स्टँडवर माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घरात मला एकच खातं मिळालं, दळणाचं. बायको मंगळवेढ्याची. सुगी झाली की तिचा भाऊ टेम्पोतून ज्वारीची पोती पाठवतो, आणि दर आठवड्याला त्यातली डबाभर ज्वारी दळून आणायची. हुद्दा लहान, पण यात निवृत्ती नाही.

गिरणी आमच्यापासून सहा घरं सोडून होती. ती चालवायच्या अक्का. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता; तो गेल्यावर त्यांनी गाळा भाड्यानं घेतला, जुनी गिरणी विकत घेतली आणि भुवयांपर्यंत पांढऱ्या होऊन उभ्या राहिल्या त्या कायमच्याच. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्या केसांचा खरा रंग कधी पाहिलाच नव्हता. त्यांचा एक नियम होता, एकाच्या धान्याला दुसऱ्याच्या धान्याचा वास लागू द्यायचा नाही.

"थांबा की ओ साहेब, आत्ता हरभरा चाललाय. त्याच्यावर तुमची ज्वारी टाकली तर बाईसाहेब मला काय म्हणतील?"

मग मी थांबायचो. थांबण्यात वाईट काही नव्हतं. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कोण पुण्याला गेलं, हे सगळं तिथंच कळायचं, तेही गिरणीच्या आवाजावरून ओरडून सांगितलेलं. त्यामुळं गल्लीत गुपित असं काही राहायचं नाही.

गेल्या काही वर्षांत गल्ली सुधारली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात नखं रंगवायचं दुकान निघालं. गादीचा कापूस पिंजून देणारे चाचा होते, त्यांच्या जागेत कुत्र्यांना आंघोळ घालतात. चपला शिवणारे ज्या कट्ट्यावर बसायचे त्याच्या मागं अभ्यासिका झाली. तिथं साहेब व्हायला निघालेली पोरं-पोरी दिवसभर इतकी गप्प बसतात की आत कुणी आहे की नाही कळत नाही. आता आमच्या गल्लीत कुत्र्याचे केस शॅम्पूनं धुऊन, वाऱ्यावर वाळवून मिळतात, पण पंक्चर काढून मिळत नाही. नखावर गुलाबाचं फूल काढून मिळतं, चपलेचा अंगठा लावून मिळत नाही. खरं सांगायचं तर सायकल मी केव्हाच विकली होती आणि आमच्या गाद्या फोमच्या होत्या. म्हणजे तक्रार करायचा मला काही अधिकार नव्हता. पण सवय होती.

एका सकाळी डबा घेऊन गेलो तर गिरणी बंद, आणि अक्का बाहेर पायरीवर बसलेल्या. चेहरा धुतलेला. मी क्षणभर ओळखलंच नाही.

"संपलं साहेब," त्या म्हणाल्या. "मालकाला गाळा पायजे. नवं गिऱ्हाईक आलंय."

"कसलं दुकान?"

"खायचं कायतरी. इंग्लिश नाव हाय, माझ्या तोंडात बसंना."

"आणि गिरणी?"

"भंगारवाला येतोय. पण त्या दुकानवाल्या पोराला दगड पायजेत म्हणं, भिंतीला लावायला." मग म्हणाल्या, "चालू होती तवा आवाज होतोय म्हणून वरचे लोक भांडायचे. आता बंद पडली तर भिंतीला लावतात. काय म्हणायचं ओ?"

तसाच डबा घेऊन घरी आलो.

पहिल्या आठवड्यात मी पाकिटातलं पीठ आणलं. बायकोनं चिमूटभर बोटांत घेतलं आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं. "ह्ये पीठ न्हाय, पावडर हाय. तोंडाला लावा." मग मी स्कूटरवर पायाशी डबा ठेवून गिरणी शोधायला निघालो.

दोन चौक पलीकडं एक गिरणी होती हे मला पक्कं आठवत होतं. गेलो तर लोखंडी शटरच्या जागी काच. मनात म्हटलं, चला, गिरण्याही सुधारल्या. आत गारवा, खुर्च्यांवर माणसं ओळीनं बसलेली. काउंटरवरच्या मुलीनं टोकन दिलं. दळणाला नंबर असतोच, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. डबा मांडीवर घेऊन बसलो. नंबर आला.

"काका, उपाशीपोटी आलाय ना?"

मला वाटलं, आपुलकीनं विचारतेय. "नाही, चहा-पोहे झाले."

"मग आज जमणार नाही. उद्या सकाळी काही न खाता या."

दळण डब्यात, आणि उपाशी मी का राहायचं हे मला कळेना. म्हटलं, "अहो, ज्वारीच आहे. उपवासाला ती तशीही चालत नाही."

तिनं पहिल्यांदाच डब्याकडं नीट पाहिलं. "यात सॅम्पल आहे?"

"सात किलो."

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. शेजारी दंडाला कापूस धरून बसलेले एक आजोबा हसायला लागले. "गिरणी जाऊन लई दिवस झाले साहेब. आता रक्त तपासतात हितं. मीबी पहिल्यांदा डबा घिऊनच आल्तो."

एवढी शोभा झाल्यावर तसंच परत जाणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गेलो आणि रक्त दिलं. साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "पोळी कमी करा. ज्वारीची भाकरी खात जा."

"द्या लिहून," मी म्हणालो. "कुठं दळून मिळते तेही लिहा." डॉक्टरांना तो विनोद वाटला.

शेवटी गिरणी सापडली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन अर्धा दिवस जायचा, आणि पीठ बघून बायको म्हणायची, "रवा काढलाय व्हय त्यानं?"

दोन महिन्यांनी अक्कांच्या गाळ्यात कॅफे उघडला. मालक तिशीतला मुलगा, आमच्याच पेठेतला, पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. स्वभावानं गोड. घरोघरी जाऊन स्वतः आमंत्रण दिलं, अक्कांनाही. आम्ही तिघं गेलो. भिंतीवर गिरणीचे दोन्ही दगड लावलेले, त्यांच्यावर पिवळे दिवे सोडलेले. मुलानं अक्कांना मुद्दाम त्यांच्याखालच्याच टेबलावर बसवलं. अक्का सारख्या मान वर करून बघत होत्या.

"पडायचे नाहीत, आजी," तो म्हणाला. "व्यवस्थित बोल्ट मारलेत."

"त्याचं न्हाय रे. खालचा दगड बोथट झालता, टाकी लावायची राहिली होती."

मेन्यू माझ्या हातात आला. ज्वारी क्रिस्प विथ पीनट डिप. दोन वेळा वाचल्यावर उमगलं की ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बायकोच्या कानात सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. बशी आली. त्यात पत्त्यांएवढे चार तुकडे आणि एका वाटीत चमचाभर चटणी. चटणीत दही घातलेलं. बायकोनं तुकडा मोडला, चावला आणि त्या मुलाला जवळ बोलावलं.

"ज्वारी कुठली रं?"

"काकू, ऑरगॅनिक आहे. गुजरातच्या कंपनीचं पीठ येतं."

मंगळवेढ्याच्या बाईला सोलापुरात बसून गुजरातचं पीठ खायला घालणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त काळजी करावी लागते, हे मला माहीत होतं. मी लवकर बिल मागवलं, तर त्यानं पैसे घेतले नाहीत. त्यामुळं आणखीच वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी दुपारी तो आमच्या दारात आला. हातात पिठाचं पाकीट, चेहरा पडलेला.

"काकू, भाकरी थापता थापताच तुटतेय. बाई ठेवल्यात, चांगल्या हाताच्या आहेत, पण त्यांनाही जमेना."

बायकोनं पीठ हुंगलं. "कवा दळलंय ह्ये?"

त्यानं पाकीट उलटंपालटं केलं. "तसं लिहिलं नाही. पण एक्सपायरीला अजून चार महिने आहेत."

"पाकिटाला असतील. भाकरीला न्हाईत. ज्वारीचं पीठ ताजं लागतंय की बाबा. दळून आण."

"कुठून आणू?"

यावर आम्ही दोघं नुसते त्याच्याकडं बघत राहिलो. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

त्यानं कपाटाएवढी नवी गिरणी आणली, समोरून काच असलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला पीठ पडताना दिसावं. दोन दिवसांत ती अडकली. माहितीपुस्तकात अडकल्यावर काय करायचं ते होतं, पण का अडकली ते नव्हतं. तो अक्कांकडं गेला. अक्कांनी जाऊन नुसता कान लावला, धान्य सोडायची झडप थोडी मागं घेतली, आणि गिरणी सुरू झाली. त्यानं तिथल्या तिथं विचारलं, चालवायला याल का?

"येते की. पण सकाळी दहापर्यंत गल्लीचं दळण. मग तुझं दुकान." तो हो म्हणाला.

असा आमचा डबा पुन्हा सहा घरांवर आला. फक्त आता गिरणीला लाइव्ह मिलिंग म्हणायचं होतं. अक्कांना काळा एप्रन मिळाला, त्यावर इंग्लिश अक्षरं.

"काय लिवलंय ओ साहेब?"

"मिलेट मेंटॉर. म्हणजे गुरू."

"कशाची?"

"ज्वारीची."

त्यांनी जरा विचार केला. "मग बरोबर हाय," म्हणाल्या आणि पट्ट्या मागं बांधून घेतल्या.

दहा वाजत आले की कॅफेची गिऱ्हाइकं यायला लागायची आणि आमची दळणाची रांग त्यांच्या फोटोत सापडायची. एकदा एका मुलीनं मला डबा जरा वर धरायला लावला. "काका, असेच उभे राहा, एकदम नॅचरल." मी डबा छातीशी धरून नॅचरल उभा राहिलो. संध्याकाळी मंगळवेढ्याहून मेव्हण्याचा फोन.

"दाजी, तुमी दळण घिऊन हाटेलात का गेलता? पोरानं मोबाइलवर दावलं. ताईचं आन् तुमचं बरं चाललंय न्हवं?"

कॅफे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालला. ज्यांना फोटो काढायचे होते त्यांचे काढून झाले, आणि एकाच भिंतीसमोर माणूस किती वेळा उभा राहणार? गल्लीतलं कुणी ना कुणी रोज जात होतं, पण डबा घेऊन. दळण झालं की घरी. मुलगा हसून सगळ्यांशी बोलायचा, पण शेवटी शेवटी त्याचं लक्ष दाराकडं असायचं. एक दिवस त्यानं खुर्च्या विकायला काढल्या. भिंतीवरचे दगड कुणीतरी फार्महाऊसच्या फाटकाशी मांडायला नेले. अक्का बघायलाही बाहेर आल्या नाहीत. काचेच्या गिरणीला मात्र गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा तो अक्कांच्या घरी जाऊन म्हणाला, "तुमच्याकडंच ठेवा. माझ्याकडं नुसती अडगळ होईल." अक्कांनी बाहेरची खोली रिकामी केली. गिरणी आणताना एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी होतो. मी फक्त हात लावला होता.

गाळ्यात आता टकलावर केस लावून देणारा दवाखाना आहे. बाहेरच्या फोटोत एक माणूस आधी दुःखी आणि नंतर आनंदी आहे. मी तिथून जाताना टोपी घालतो.

कॅफेवाला मुलगा आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर मालाचा हिशेब बघतो. त्याचं लग्न झालं, बायको भाकरी शिकतेय म्हणे. रविवारी दळणाचा डबा घेऊन तो स्वतः अक्कांकडं येतो. परवा आम्ही दोघं त्यांच्या पायरीवर नंबरची वाट बघत बसलो होतो.  तो म्हणाला,

"काका, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही कॅफेत दर आठवड्याला यायचात. एकदाही कॉफी का घेतली नाहीत?"

"मला चहाची सवय," मी म्हणालो.

"चहाही होता."

"पाहिला नाही," असं काहीतरी मी पुटपुटलो. चहा मेन्यूत सगळ्यात वर होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो हसला. मी म्हणालो, "कधी घरी ये, काकू भाकरी करून घालेल." तो म्हणाला, "येतो."

आतून अक्कांनी त्याला हाक मारली. त्यानं उठून डबा घेतला, गरम होता म्हणून रुमालानं धरला, आणि स्कूटरकडं चालू लागला.